गव्हाणीतलं तळं

कल्याण सरांनी पहिल्याच शनिवारी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘आधी फोटो, मग चिठ्ठी, मग हात.’ ते पुसायचं नाही अशी शिपायालाही ताकीद होती. अकरावी सायन्सच्या पोरापोरींनी त्यातला ‘हात’ तेवढा लक्षात ठेवला आणि बोटांचे ठसे शोधायच्या नादात अर्धी प्रयोगशाळा पेन्सिलीच्या शिशाने काळी करून टाकली. दुसऱ्या शनिवारी मैदानावरच्या चिखलात बुटांच्या ठशांवर प्लास्टर ओतलं, तर ‘संशयित क्रमांक दोन’ म्हणून खुद्द उपप्राचार्यांची चप्पल निघाली. बेलापूरच्या अलीकडे, कालव्याकाठच्या त्या कॉलेजात न्यायवैद्यक विज्ञान हे असं हसतखेळत शिरलं. गुन्हा कसा शोधतात ते शिकायचं होतं. गुन्हा आपल्या ओळखीचा असू शकतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आराधना भांबळला मात्र त्यातलं चिठ्ठीचंच वेड लागलं. चिठ्ठी म्हणजे नमुन्यासोबत ठेवायचा छापील कागद. वस्तू कोणती, कुठे सापडली, कधी, कोणी उचलली, असे रकाने, आणि सगळ्यात खाली ‘कोणी दिली, कोणी घेतली’ लिहून दोघांच्या सह्या. सर म्हणायचे, “वस्तू या हातातून त्या हातात गेली आणि मध्ये सही नसली, की ती मुकी झाली. मग कोर्टात तिचं कुणी ऐकत नाही.” आराधनाचं अक्षर मोत्यासारखं. संडे स्कूलची सगळी प्रमाणपत्रं तीच लिहायची, आणि एखादा रकाना मोकळा राहिला तर तिला चैन पडत नसे. अशा माणसाला दुसरा शत्रू लागत नाही, पण हे सोळाव्या वर्षी कोण सांगणार.

तिसरा शनिवार काचेचा होता. घरातली कुठलीही फुटकी काच आणा, फक्त ट्यूबलाइट नको, असं सरांनी बजावलं होतं. लोणच्याच्या बरण्या आल्या, आरशांचे तुकडे आले, बांगड्या आल्या. एकाने आजोबांच्या चष्म्याची काच आणली, ती फुटलेली नव्हती हे त्याला घरी गेल्यावर कळलं. आराधनाच्या घरात फुटकी काच एकच होती. ती तिने नाताळच्या सामानाच्या खोक्यातून काढून रुमालात गुंडाळून आणली.

दर डिसेंबरात चर्चची मंडळी नाताळची गाणी म्हणत वाड्यावस्त्यांवर फिरायची आणि त्यांच्यासाठी आराधनाच्या पप्पांचा जुना टेम्पो सजवला जायचा. या खेपेला टेम्पोच्या जाळीला कागदी चांदणी बांधताना तिला बंपरच्या मागे अडकलेला काचेचा एक तुकडा सापडला. तळहाताएवढा, जाड, उभ्या रेघारेघांचा. उसाच्या ट्रॉलीतून दगड उडाला आणि दिवा फुटला, असं पप्पांनी आधीच सांगितलं होतं. “टाकून दे ती,” म्हणाले. तिने टाकली नाही. घरात गव्हाणीचा, म्हणजे येशूजन्माचा देखावा मांडलेला होता, पेंढा, मातीचं बाळ, तीन मेंढ्या आणि एक लंगडा उंट. निळ्या कागदावर तिने तो तुकडा ठेवला तर हुबेहूब तळं दिसायला लागलं. नाताळच्या दिवशी करंज्या खायला आलेल्या ज्ञानेश्वरीने त्या तळ्यावरून बोट फिरवलं होतं. “पानी खरं वाटतंय गं,” म्हणाली होती.

ज्ञानेश्वरी तिची बाकावरची मैत्रीण, पाचवीपासूनची. तिच्या वडिलांना सगळी वाडी गहिनीनाथ म्हणायची आणि या दोघी नाना. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पहाटे सहाच्या सुमाराला, उसाला पाणी द्यायला नाना सायकलवरून निघाले होते. दाट धुकं होतं. कालव्याच्या रस्त्यावर त्यांना एका गाडीने उडवलं आणि ती गाडी निघून गेली. दोन तास ते रस्त्याकडेच्या चारीत पडून होते. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला आणि वर सांगितलं, लवकर आणलं असतं तर वाचला असता. पंचनाम्यात ‘अज्ञात वाहन’ असे दोन शब्द पडले आणि विषय संपला.

त्या दिवशी नानांना दवाखान्यात कुणी नेलं? आराधनाच्या पप्पांनी, एडविन भांबळांनी. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी जखमेच्या ड्रेसिंगलाही तेच नेत होते, डिझेलचे पैसे न घेता. नाना टेम्पोत बसले की पप्पा पहिल्यांदा त्यांच्या हातात पाण्याची भरलेली बाटली द्यायचे. वाडीत लोक म्हणायचे, माणूस असावा तर असा. आराधनाला ते ऐकून मान उंच झाल्यासारखं वाटायचं.

तर त्या शनिवारी सरांनी आधी पापड वाटले. प्रत्येक जोडीने आपला पापड मोडायचा, सगळे तुकडे एका ताटात कालवायचे, आणि मग आपापला पापड जुळवून काढायचा. “पापड एकाच लाटण्याखालचे असले, तरी मोडतात वेगवेगळे,” सर म्हणाले. “काचेचंही तेच. एका कारखान्यातून लाख काचा सारख्या निघतात, पण तडा सारखा जात नाही. ज्या तुकड्यापासून तुटला त्यालाच तो तुकडा बसणार.” पोरांनी जुळवलेले पापड खाऊन पुरावा नष्ट केला.

मग प्रत्येकाने आपली काच ट्रेमध्ये ठेवली, शेजारी चिठ्ठी ठेवली. ज्ञानेश्वरीच्या मोबाईलचा कॅमेरा चांगला म्हणून फोटो काढायचं काम तिचं. ती भराभर एकेक ट्रे टिपत गेली. आराधनाचा ट्रे सातवा. सगळे फोटो झाल्यावर ज्ञानेश्वरीने दप्तरातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

“सर, माझी काच जरा वेगळी हाय,” ती म्हणाली. “नाना पडले तिथली. पंचनामा झाल्यावर हवालदारांनी पायानं बाजूला सारली, ती मी गोळा केली हुती.”

कल्याण सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते म्हणाले, “आपण पोलीस नाही, बेटा. पण बघूया तर. काच काय सांगते ते ऐकू.”

काळा कागद अंथरला. केस काळे करायच्या पाकिटात मिळतात ते प्लास्टिकचे हातमोजे घालून ज्ञानेश्वरी तुकडे मांडू लागली. अकरा तुकडे होते. सगळे जाड, सगळ्यांवर उभ्या रेघा. आराधना तिच्या शेजारीच उभी होती. पहिल्या तीन तुकड्यांपर्यंत तिला काही वाटलं नाही. चौथ्याला तिला ते तळं आठवलं.

“हेडलाइटची काच आहे,” सर म्हणाले. “गाडी जुनी असणार. हल्लीच्या दिव्यांना प्लास्टिक असतं.”

तुकडे एकमेकांना भिडत गेले. रेघेला रेघ मिळत गेली. गोल आकार तयार झाला आणि त्याच्या उजव्या अंगाला एक जागा रिकामी राहिली, विड्याच्या पानासारखी, खाली निमुळती. घरी गव्हाणीत असल्याच निमुळत्या टोकाकडे मातीची मेंढी पाणी प्यायला उभी केली होती, हे आराधनाने स्वतःच्या हाताने केलेलं काम होतं.

कानात गरम वारं शिरल्यासारखं झालं. ज्ञानेश्वरी काहीतरी बोलत होती, ते तिला लांबून ऐकू येत होतं.

“नाना म्हनतात, गाडीतनं कुनीतरी उतरलं हुतं सर. जवळ येऊन उभं राह्यलं. नानांनी पानी मागितलं. मग ते गेलं.”

“दुखण्यात असे भास होतात,” सर हळूच म्हणाले.

“सगळे तसंच म्हनतात,” ज्ञानेश्वरी म्हणाली.

“हा एक तुकडा राहिला,” सरांनी रिकाम्या जागेवर चिमटा टेकवला. “तो गाडीबरोबर गेला असेल. बरं, आता बाकीचे ट्रे एकेक करून इथे आणा.”

आराधना मागे सरकली. सातवा ट्रे खिडकीकडच्या टेबलावर होता. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या. तिने तो तुकडा उचलला आणि मुठीत दाबून युनिफॉर्मच्या खिशात घातला. फोटो नाही, चिठ्ठी नाही, नुसता हात. काचेने तळव्याला चावा घेतला, आणि खिशावर रक्ताचा डाग पसरला तेव्हाच तिला ते कळलं. सरांनी पट्टी लावली, ज्ञानेश्वरीने फुंकर घातली. “कशानं कापलं गं?” तिने विचारलं. “बरणीच्या काचेनं,” आराधना म्हणाली. आयुष्यातलं तिचं पहिलं धडधडीत खोटं ते, आणि ते इतकं सफाईदार आलं की तिची तिलाच भीती वाटली. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली.

घरी येऊन जेवायला बसली, पहिला घास तोंडात घातला, आणि तिच्या हातातली भाकरी ताटात पडली. काच आणली होती. चिठ्ठी तिथेच राहिली होती. सातव्या ट्रेमध्ये, उघडी, मोत्यासारख्या अक्षरात: ‘वस्तू: जाड रेघांची काच. कुठे सापडली: पप्पांच्या टेम्पोच्या बंपरमागे. कधी: १५ डिसेंबर. कोणी उचलली: आराधना एडविन भांबळ.’ खालचा देण्याघेण्याचा सोडला, तर एकही रकाना मोकळा नव्हता.

प्रयोगशाळेला कुलूप सोमवारपर्यंत. तोवर तिचा जीव टांगणीला लागला. दारात कुणी हाक मारली की वाटे, पोलीस आले. मोबाईल वाजला की वाटे, ज्ञानेश्वरी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा तिच्यामागे तो वीतभर कागद लागला. टेम्पो अंगणातच उभा असायचा. त्याचा एक दिवा जुना, पिवळट पडलेला, आणि एक नवा, लख्ख. दीड महिना ती रोज तो बघत होती. आता मात्र तिला त्या नव्या दिव्याकडे बघवेना.

रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली. पप्पा दर रविवारसारखे उठून उभे राहिले आणि त्यांनी गहिनीनाथचं नाव घेतलं. शेजारच्या बाईने आराधनाच्या मांडीवर कौतुकाने थोपटलं. आराधनाने डोळे मिटून घेतले होते, पण प्रार्थना तिच्याने झाली नाही. माझ्या पप्पांनी हे केलेलं नसू दे, एवढं मागावं म्हटलं तर ते मागण्याची वेळ डिसेंबरातच टळून गेली होती.

दुपारी मम्मी महिला मंडळाला गेली. पप्पा अंगणात टेम्पो धूत होते. आराधना त्यांच्यासमोर गेली आणि पट्टी बांधलेला हात उघडला.

पप्पांनी काच पाहिली. पाण्याची नळी त्यांच्या हातातून खाली गेली आणि त्यांच्याच पायावर पाणी वाहू लागलं.

“कुठली ही?”

“गव्हाणीतल्या तळ्याची.”

“टाक म्हनलं हुतं ना तुला.”

“पप्पा, ज्ञानेश्वरीकडं बाकीचे अकरा तुकडे आहेत. शनिवारी वर्गात जुळवले. एवढीच जागा राहिलीये.”

त्यांनी नळ बंद केला. मग बादली उपडी करून तिच्यावर बसले. तिने पप्पांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. एकदम म्हातारे दिसत होते.

“धुकं लई हुतं,” ते म्हणाले. “हाताला हात दिसंना. आवाज आला तवा वाटलं, वासरू आसंल.”

“थांबलात?”

“थांबलो.”

“उतरलात?”

टेम्पोवरून पाणी निथळत होतं.

“उतरलो. गहिनीनाथ हुता. डोळं मिटल्यालं. पानी मागत हुता.” पप्पांनी तोंडावरून हात फिरवला. “बाटली गाडीतच हुती, आराधना. दोन पावलावर. पन माझं लायसन संपून सहा म्हैनं झाल्यालं. आन मागं त्या ट्रकवाल्याला लोकांनी कसं हानलं ते मी बघितलंय, तू न्हाई बघितलं. माझी पाचावर धारन बसली. मला वाटलं, मागनं यील कुनीतरी. दूधवाला यील. घरी आलो, तोंड धुतलं आन पांघरून घिऊन पडलो.”

आराधनाला ती सकाळ आठवली. आठ वाजता ज्ञानेश्वरीचा फोन तिच्याच मोबाईलवर आला होता. नाना चारीत सापडले, काकांना टेम्पो घेऊन पाठव. तीच धावत पप्पांना उठवायला गेली होती. पप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि जागे होते. तिने एकदाच हाक मारली, तर ताडकन उठले. किती तत्पर माझे पप्पा, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

“दोन तास,” ती म्हणाली.

“मी मोजल्यात,” पप्पा म्हणाले. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, “ही काच कुनी बघितली का?”

आवाज अगदी साधा होता, जेवलीस का असं विचारावं तसा. त्या साधेपणानेच तिच्या अंगावर काटा आला. हा माणूस तिला सायकल शिकवणारा, तापात रात्र रात्र उशाशी बसणारा, आणि याच माणसाने धुक्यात दोन पावलांवरची बाटली उचलली नव्हती. ती दोन्ही माणसं एकाच बादलीवर बसली होती.

“काच कुणी नीट बघितली नाही. चिठ्ठी राहिलीये,” तिने सांगितलं, आणि चिठ्ठीवर काय आहे तेही सांगितलं.

“उद्या सकाळी लवकर जा. शिपायाला काहीबाही सांग. चिठ्ठी काढून घे आन दोनी वस्तू कालव्यात टाक. तुझ्या मम्मीला कळता कामा न्हाई.” मग त्यांनी तिचा पट्टीचा हात धरला. “मी गहिनीनाथला सोडनार न्हाई. जलमभर नेईन दवाखान्यात. पायाचं म्हनशील तर जयपूरचा पाय बशिवतो. पन हे नको, बाळा. मी तुरुंगात गेलो तर तुमी दोघी काय करनार?”

“हो,” आराधना म्हणाली.

रात्रभर तिला त्या ‘हो’चीच भीती वाटत राहिली. पप्पाही त्या पहाटे असंच काहीतरी स्वतःला म्हणाले असतील आणि टेम्पोत बसले असतील. एवढं सोपं असतं ते.

सोमवारी ती सात वाजता कॉलेजच्या फाटकाशी पोचली. काच खिशात, रुमालात गुंडाळलेली. कालव्यावरून येताना ती थांबली नव्हती. चिठ्ठी मिळाली की दोन्ही एकदमच टाकू, असं तिने ठरवलं होतं. शिपाई छगनमामा आवारात झाडू मारत होते.

“मामा, प्रयोगशाळेत माझी वही राहिलीये.”

“उघडीच हाय,” छगनमामा झाडू न थांबवता म्हणाले. “तुझ्या आधी एक आलीया.”

मागे फिरावं असं वाटलं. पण मागे फाटकाबाहेर कालवा होता आणि पुढे ती चिठ्ठी, आणि चिठ्ठी आता तिच्या एकटीची राहिली नव्हती. ती आत गेली.

ज्ञानेश्वरी काळ्या कागदासमोर बसली होती. अकरा तुकडे जुळवून मांडलेले होते. सातवा ट्रे शनिवारी होता तिथेच होता, चिठ्ठी त्यात होती तशीच.

“मी हात लावला न्हाई तिला,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “तुझी चिठ्ठी हाय.” तिने मोबाईल पुढे सरकवला. पडद्यावर सातव्या ट्रेचा फोटो होता, चिठ्ठीसकट आणि काचेसकट. “शनिवारी नुसते टिपत गेले, बघितलंच न्हाई. काल निवांत बघत बसले. तळं वळखू आलं.”

तिला रडू येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं.

“कुणाला सांगितलंस?” ती म्हणाली.

बोलल्याबरोबर तिला कळलं की हा प्रश्न तिने काल ऐकला होता. शब्द वेगळे होते, आवाज तोच होता.

“कुनाला न्हाई. नानालाबी न्हाई.” ज्ञानेश्वरीचे डोळे सुजलेले होते, पण ती शांत बोलत होती. “नाना काकांच्या हातनं पानी पितात, आराधना. आठवड्यातनं दोनदा. मला तसं सांगायला हिम्मत झाली न्हाई.”

बाहेर झाडूचा आवाज चालू होता.

“मला एकच सांग,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “कुनीतरी उतरलं हुतं, जवळ उभं राह्यलं, असं नाना पहिल्या दिवसापास्नं म्हनतात. पोलीस म्हनले भास. डॉक्टर म्हनले भास. मी बी म्हनले, नाना, दुखण्यात हुतं असं. आता ते बोलायचेच थांबलेत. परवा मला म्हनले, माझा पाय गेला ते गेला, पन डोकं बी गेलं का गं. तुला म्हाईत असंल तर सांग. खरंच कुनी उतरलं हुतं का?”

आराधना टेबलाची कड धरून उभी राहिली. माहीत नाही, एवढे दोन शब्द पुरे होते. काच जुळली तर फक्त गाडी जुळेल. माणूस उतरला होता की नाही, हे कुठल्याच काचेवर लिहिलेलं नव्हतं. ते फक्त पप्पांना माहीत होतं आणि कालपासून तिला. धुक्यात न दिसलेली धडक आणि बघून, ओळखून निघून जाणं यांत किती अंतर आहे, ते तिला कळत होतं. तेवढं अंतर पप्पांसाठी ठेवता आलं असतं.

फाटकाबाहेर हॉर्न वाजला, दोनदा, तोकडा. पप्पांचा हॉर्न. नानांना ड्रेसिंगला न्यायला ते दर सोमवारी याच रस्त्याने जायचे, पण आज नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आले होते. झालं का, असं तो हॉर्न विचारत होता. तिला वाटलं, आता दारात पप्पा उभे राहतील.

“उतरले होते,” ती म्हणाली. मग पुन्हा, स्पष्ट म्हणाली. “पप्पा उतरले होते. नानांनी पाणी मागितलं होतं. तो भास नव्हता.”

ज्ञानेश्वरीने तोंडावर ओढणी घट्ट दाबून धरली. तिचे खांदे हलत राहिले. आराधना तिच्याजवळ गेली नाही. आपल्याला आता तो हक्क आहे की नाही, हे तिला समजत नव्हतं. तिने खिशातून रुमाल काढला, सोडला. काचेच्या कडेला तिचं रक्त वाळलेलं होतं. ती तुकडा कागदाकडे नेऊ लागली.

“थांब,” ज्ञानेश्वरी म्हणाली. तिने डोळे पुसले, मोबाईल उचलला. “आधी फोटो.”

रिकाम्या जागेचा एक फोटो निघाला. मग आराधनाने तुकडा त्या जागेत सरकवला. खट् असा बारीक आवाज झाला आणि रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग झाल्या. दुसरा फोटो निघाला.

तिने सातव्या ट्रेमधली चिठ्ठी घेतली. खालचा एक रकाना मोकळा होता. ‘कोणी दिली’ यापुढे तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. एडविनमधली वेलांटी ओळीबाहेर गेली. ज्ञानेश्वरीने ‘कोणी घेतली’ यापुढे सही केली आणि तारीख, वार, वेळ घातली. सोमवार, सकाळी सात वीस.

“कल्याण सर आठला येतात,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “मी त्यांच्याकडं देते. आन काकांना सांग, आज नानाला मी रिक्षानं नेते.”

हॉर्न पुन्हा वाजला. आराधना आवार ओलांडून फाटकापर्यंत गेली. टेम्पो सुरूच होता. पप्पा खिडकीतून अर्धे बाहेर वाकले होते आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिला त्यांची भीती वाटत होती, त्यांच्यासाठीही वाटत होती, आणि दोन्ही एकाच जागी दुखत होतं.

“टाकली का?” त्यांनी विचारलं.

“नाही पप्पा. दिली.”

त्यांनी इंजिन बंद केलं. शेजारच्या सीटवर गहिनीनाथसाठी भरून घेतलेली पाण्याची बाटली होती. ती त्यांनी उचलून मांडीवर घेतली, झाकण उघडलं, थोडा वेळ तशीच धरली, आणि झाकण परत लावून टाकलं.